देवाच्या दिव्यावरून घेतलेली लाइन

जुनी गाडी दुकानासमोर येऊन थांबली की बॉनेट उघडायच्या आधी मी दारातून आत डोकं घालतो आणि वास घेतो. गिऱ्हाईक हसतं. हसू दे. हुबळीत चौतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, त्यातलं निम्मं तरी नाकाने केलं असेल. कुठली वायर गरम होते आहे हे मीटरच्या आधी वास सांगतो. आधीच्या मिस्त्रीने काय काय उद्योग करून ठेवलेत तेही बरंचसं कळतं.

आमचं घराणं मूळ कागलकडचं. आजोबा दुकानदारीसाठी इकडे आले, वडिलांनी सायकलींचे डायनामो दुरुस्त केले, मी गाड्यांत शिरलो. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी आणि वायरीने चटका दिला की दोन्ही. लोक मला वसंतअण्णा म्हणतात. या अंकासाठी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' असं सांगणं आलं, मी हो म्हणून बसलो, आणि मग लक्षात आलं की चांगल्या कामांबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. चांगलं काम केलेली गाडी परत येतच नाही, तिची आठवण राहणार कुठून? आठवतात त्या चुकलेल्या. त्यातली एक सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं म्हणजे नुसती फुशारकी होईल.

अलीकडे ज्याला त्याला गाडीत कॅमेरा हवा असतो. समोरच्या काचेला, आरशामागे चिकटवायचा, काडेपेटीएवढा. गाडी चालू झाली की तो समोरचा रस्ता टिपत राहतो आणि नखाएवढ्या कार्डावर साठवतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं. कॅमेरा चिकटवायला दहा मिनिटं लागतात. वायर लपवायला अर्धा दिवस जातो, आणि आमची खरी मजुरी ती. वायर आरशामागून छताच्या अस्तरात सरकवायची, काचेच्या कडेच्या खांबावरचं रबर प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलून त्याखालून खाली आणायची, डॅशबोर्डच्या पोटातून फ्यूजच्या डबीपर्यंत न्यायची. तिथे अशी लाइन शोधायची की जी किल्ली फिरवली की जिवंत होते आणि किल्ली काढली की मरते. नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली आणि गिऱ्हाईक उभं.

नव्या गाडीत हे सोपं. जुन्या गाडीत वायरींचे रंग उडालेले असतात, लाल कुठली आणि तपकिरी कुठली ते देवाला माहीत. टेप चिकट होऊन ओघळलेली. प्लास्टिकच्या खुंट्या इतक्या कडक झालेल्या की पॅनेल ओढलं की कट्कन तुटतात, आणि तसल्या खुंट्या आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून जुन्या गाडीला हात लावताना मी श्वास रोखून लावतो. त्यात गिऱ्हाइकांच्या तऱ्हा. विद्यानगरचे एक प्राध्यापक आले होते. म्हणाले, वायर अशी लपवा की बायकोलाही कळायला नको, कारण गाडी तीच ठोकते आणि नाही म्हणते. लपवली. पंधरा दिवसांनी बाई स्वतः आल्या, सर बाहेरगावी गेलेले बघून. त्यांनाही कॅमेरा हवा होता, सरांना न कळता. मी खांबाजवळ हात नेला आणि माझ्याच वायरीवर बोट पडलं. बाईंना काय सांगावं? सांगितलं, या गाडीत जागा नाही हो, राहू दे. आजही दोघं भेटले की मी दुसरीकडे बघतो.

असो. आता मुद्द्याचं.

धारवाडच्या मळमड्डीत सुमतीअक्का राहतात. निवृत्त शिक्षिका, सगळी नोकरी कलघटगीला झाली. यजमानांचा छापखाना होता. त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर काढली. ते गेल्यावर छापखाना विकला, पण कागद वाहायची जुनी व्हॅन अक्कांनी विकली नाही. आत बाकं बसवली, गाद्या घातल्या आणि कलघटगीकडच्या पेशंटांना मंगळवारी आणि शुक्रवारी हुबळीला डायलिसिसला आणून परत सोडायचं काम सुरू केलं. फुकट. गाडी चालवायला छापखान्यापासूनचाच माणूस, परसप्पा. कलघटगीजवळच्या खेड्यातला, मराठा घरातला, पन्नाशीचा, अंगाने आडवा आणि बोलायला कमी. पेशंटला हाताला धरून उतरवणार, घराच्या दारापर्यंत सोडणार, मग पुढे जाणार. एवढं कोण करतं सांगा.

ती व्हॅन त्याने घरासारखी ठेवली होती. डॅशबोर्डवर सौंदत्तीच्या यल्लम्माची लहान तसबीर, वर लाल बल्ब. तो दिवा पूर्वी मीच बसवून दिला होता. किल्लीच्या लाइनवर, वेगळं बटण घालून, बटण खाली गुडघ्याजवळ. परसप्पा गाडीत बसला की किल्ली, मग देवीला नमस्कार, मग गिअर. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही.

अक्कांच्या पुण्याच्या भाच्याने कॅमेरा पाठवला. कोणीतरी उभ्या व्हॅनला समोरून येऊन धडकलं होतं आणि वर परसप्पावरच ओरडलं होतं, तेव्हापासून भाचा मागे लागला होता. परसप्पा गाडी घेऊन दुकानात आला तो तोंड पाडूनच.

"माझ्यावर नजर ठेवणार का आता अक्का?" त्याने विचारलं.

"अरे, हा बाहेर बघतो. आत बघत नाही," मी म्हटलं.

"मग असू दे. पण अण्णा, वायर दिसायला नको, पेशंट हात घालतात. आणि ते खालचं पॅनेल उघडू नका. एकदा उघडलं की परत तसं बसत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. पॅनेल उघडायचं तर चार खुंट्या तुटणार हे मला दिसत होतं, आणि न उघडता फ्यूजच्या डबीपर्यंत हात जाणार नव्हता. मी खांबाचं रबर उचललं, वायर खाली आणली, आणि तिथून वीतभर अंतरावर देवीच्या दिव्याची वायर डॅशबोर्डच्या कडेने वर आलेली. माझीच टाकलेली. किल्लीबरोबर जिवंत होणारी, स्वच्छ, रंग ओळखीचा. मी तिथेच जोड दिला. वर कापडी टेप, रबर परत जागेवर. बोट फिरवलं तरी कळणार नाही असं काम.

आता धंद्यातला माणूस हे वाचताना कपाळाला हात लावेल. जोड बटणाच्या पुढे दिलेला. म्हणजे दिव्याचं बटण बंद केलं की कॅमेराही बंद. हे मला कळलं नव्हतं असं नाही. हे कोणीही सांगेल. पण मी स्वतःशी म्हटलं, बटण बंद करणार कोण? आमच्याकडे गाडी चालू असताना देवाचा दिवा कोणी बंद करत नाही. हेडलाइट नसलेला ट्रॅक्टर मी रस्त्यावर पाहिला आहे, पण देवाचा दिवा विझलेला नाही. मला ती फ्यूजपेक्षा पक्की लाइन वाटली. आणखी दोन शहाणपणं केली. कॅमेरा सुरू होताना टूं टूं वाजायचा, त्याने झोपलेले पेशंट दचकतील म्हणून आवाज बंद केला. त्याचा पडदा डोळ्यांवर येतो अशी परसप्पाची तक्रार, म्हणून तोही बंद केला. राहिला फक्त एक निळा ठिपका, तोही आरशाच्या मागे. कॅमेरा चालू आहे की बंद हे चालवणाऱ्याला कळायची सोयच मी ठेवली नाही. परसप्पाने वाकून बघितलं, वायर कुठेच दिसली नाही, खूश होऊन गेला. मीही खूश होतो.

सात-आठ महिने गेले. एका मंगळवारी दुपारी पेशंट सोडायला जाताना कलघटगीच्या रस्त्यावर व्हॅनला एक मोटरसायकल धडकली. चालवणारा गवंडीकाम करणारा तरुण माणूस, पाय मोडला, डोक्याला मार, बेशुद्ध. परसप्पानेच त्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. परसप्पाचं म्हणणं, तो शेतातल्या वाटेवरून एकदम डांबरीवर आला, मी ब्रेक मारला, तो घसरून डाव्या बाजूला आदळला. गवंड्याचा थोरला भाऊ म्हणत होता, व्हॅन ओव्हरटेक करायला चुकीच्या बाजूला गेली होती. बघणारं कोणी नव्हतं. व्हॅनमध्ये तीन पेशंट होते, पण डायलिसिसनंतर माणूस इतका गळून जातो की बसल्या जागी झोपतो. ते धडक झाल्यावर जागे झाले.

अक्का म्हणाल्या, कॅमेरा आहे ना. कार्ड काढून ठाण्यात बघितलं. आधीच्या मंगळवारची फेरी होती, नीट, येताना आणि जाताना. शुक्रवारची नव्हती. अपघाताच्या दिवसाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांचा फोन आला. कॅमेरा तुम्ही बसवलाय ना, येऊन बघून जा. मी स्कूटर काढली. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच, फ्यूज गेला असेल, फ्यूजच गेला असेल. ठाण्याच्या आवारात चिंचेखाली व्हॅन उभी होती. डावीकडचा दिवा फुटलेला, पत्रा आत गेलेला. अक्का बाकावर बसल्या होत्या, परसप्पा पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून. गवंड्याचा भाऊ उभाच होता. रात्रभर दवाखान्यात जागलेला, डोळे लाल. तो मला बघून म्हणाला, "शुक्रवारपासूनच बंद करून ठेवला होता, लिहून घ्या." त्याचा धाकटा भाऊ अजून शुद्धीवर नव्हता. मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली.

जमादार म्हणाले, "क्यामेरा सरी ऐति इल्लो, अष्ट हेळ्री." कॅमेरा ठीक आहे की नाही, एवढंच सांगा.

मी व्हॅनमध्ये चढलो, चालवणाऱ्याच्या जागेवर बसलो, किल्ली फिरवली. आरशामागे वाकून बघितलं. निळा ठिपका नाही. तसबिरीकडे लक्ष गेलं. दिवा लागलेला नव्हता. तसबिरीला हारही नव्हता, वाळलेलं फूलसुद्धा नाही. माझं बोट खाली गुडघ्याजवळच्या बटणावर गेलं, मी काही ठरवायच्या आधीच गेलं. बटण दाबलं. दिवा लागला आणि त्याच क्षणी आरशामागे निळा ठिपका लागला.

हे मी केलं होतं. दुसऱ्या कोणी नाही.

मी बाहेर बघितलं. जमादार लिहीत होते. भाऊ फोनवर होता. अक्का जमिनीकडे बघत होत्या. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी बटण परत बंद केलं. किल्ली काढली. खाली उतरेपर्यंत पाच पावलं असतील, तेवढ्यात मी चौतीस वर्षांचा हिशेब केला. गावात पसरलं तर कोण येणार माझ्याकडे? हा भाऊ आत्ता माझी गचांडी धरेल. आणि जमादारांनी विचारलंय तरी काय, कॅमेरा ठीक आहे का, एवढंच ना.

"कॅमेरा सरी ऐति," मी म्हणालो. "दोष नाही."

त्यांनी कन्नडमध्ये तसं लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "मग बंद कोणी केला?"

आणि मी म्हणालो, "ते मला काय माहीत." तेही लिहून त्यांनी माझी सही घेतली.

अक्का उठल्या. परसप्पासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना कधी कोणाशी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही चढवला नाही.

"परसू, खरं सांग. तू बंद केलास?"

"नाही अक्का. मी त्याला हातसुद्धा लावला नाही."

"मग हे काय म्हणताहेत?"

परसप्पाने माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो.

"गाडी परत मिळेल तेव्हा मिळेल. तुझ्याकडची किल्ली दे," अक्का म्हणाल्या. त्याने खिशातून दुसरी किल्ली काढली, धोतराच्या टोकाने पुसली आणि बाकावर ठेवली. हातात दिली नाही. मी तिथून निघालो. घरी मंगलने, माझ्या बायकोने, ताट वाढलं. मी म्हटलं भूक नाही. तिने विचारलं काय झालं, मी तिलाही सांगितलं नाही. मंगलला मी दुकानातला प्रत्येक स्क्रू सांगतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला परसप्पा दुकानात आला. एसटीने आला होता. डोक्याचे केस काढलेले. ठाण्यात त्याने टॉवेल गुंडाळला होता, म्हणून मला दिसलं नव्हतं. मी स्टूल पुढे केलं. आता हा मला धरणार, असं वाटलं, आणि खरं सांगतो, धरलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "अण्णा, माझ्या हातून कुठली तार तुटली असेल का?"

"कशी?"

"धाकटी चुलती वारली, गेल्या गुरुवारी. तिनेच मला वाढवलं. सुतक आहे. सुतकात देवीला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, म्हणून शुक्रवारी मी दिव्याचं बटण बंद केलं आणि हार काढून ठेवला. पेशंटना थांबवता येत नाही, नाहीतर गाडीच काढली नसती. बाकी कशाला मी हात लावला नाही. काल रात्री विचार करत होतो, ते बटण जोरात दाबलं असेल, आत काही हललं असेल. तसं असेल तर चूक माझी. मी अक्कांना तसं सांगतो. तुम्ही एकदा बघा, एवढंच सांगायला आलो."

मी मान खाली घातली. समोर टेबलावर होल्डर, सोल्डर, एक उघडा हॉर्न. तो माझं नाव घ्यायला आला नव्हता. माझं काम इतकं पक्कं असेल अशी त्याची खात्री होती की तो स्वतःच्या बोटात दोष शोधत होता. मला रडू आलं, आवरलं नाही. साठीला आलेला माणूस दुकानात रडतोय हे बघून तो घाबरून उठला.

"काय झालं अण्णा?"

मी सांगितलं. जोड कुठे दिला, का दिला, बटणाच्या पुढे म्हणजे काय. त्याला वायरिंग कळत नव्हतं, म्हणून कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद हातात घेऊन चित्र बघितलं.

"परवा ठाण्यात बसला होतात गाडीत, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

मला काल म्हणायचं होतं, परवा नाही. त्याचा दिवस चुकला होता, सुतकात आणि या भानगडीत दिवस कोण मोजतो. पण तेवढ्यावर अडकून राहायची माझी इच्छा किती दांडगी होती हे मला तिथेच कळलं.

"कळलं होतं," मी म्हणालो.

त्याने टॉवेल डोक्याला गुंडाळला, पायरी उतरला आणि बसस्टँडकडे चालू लागला. समोरच्या हॉटेलातून दोघांसाठी सांगितलेला चहा तेव्हा येत होता.

मी शटर ओढलं आणि स्कूटरवरून सरळ मळमड्डीला गेलो. अक्का ओसरीवर पेशंटांच्या नावांची वही घेऊन बसल्या होत्या, शुक्रवारसाठी दुसरी गाडी मिळते का म्हणून फोन करत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी काल परसूकडून किल्ली घेतली, ती तुमच्या शब्दावर."

"होय अक्का."

"काल का नाही बोललात?"

त्यांनी चष्मा काढून केसमध्ये ठेवला, पदर घेतला. "चला ठाण्यात," म्हणाल्या.

जमादारांनी दोन पंच बोलावले. मी त्यांच्यासमोर खांबाचं रबर उचललं, टेप सोडली आणि माझा जोड उघडा करून दाखवला. बटण चालू, कॅमेरा चालू. बटण बंद, कॅमेरा बंद. चार वेळा करायला लावलं. ज्या कामाची मी आयुष्यभर शेखी मिरवली, कोणाला दिसणार नाही अशी वायर, ती मी स्वतःच्या हाताने सगळ्यांसमोर ओढून बाहेर काढली. जमादारांनी नवा कागद घेतला, माझा नवा जबाब लिहिला. कालचा कागदही तसाच फाइलीत राहिला. गवंड्याचा भाऊ दारातून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "काल एक, आज एक." त्याच्या भावाला शुद्ध आली होती, पण धडकेच्या आधीचं काहीच आठवत नव्हतं. खरं काय झालं ते सांगू शकणारी एकच गोष्ट त्या रस्त्यावर होती, तिचे डोळे मी झाकले होते. हे त्याचंही नुकसान होतं.

अक्का स्वतः रिक्षा करून परसप्पाच्या गावी गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. व्हॅन सुटल्यावर तो परत कामाला लागला. त्याच्यावरचा खटला मात्र उभा राहिला. माझ्या दुकानाचं म्हणाल तर फारसं काही बिघडलं नाही. ज्या भीतीने मी ते वाक्य बोललो ती भीती खोटीच निघाली. चार गिऱ्हाइकं तुटली, नवी आली. मी मात्र पद्धत बदलली. जुन्या गाडीत लाइन फ्यूजच्या डबीतूनच, खुंट्या तुटल्या तर तुटू देत, मी पातळ पत्र्याच्या करून बसवतो. कॅमेऱ्याचा आवाज बंद करत नाही, कोणी कितीही सांगू दे. आणि झाकायच्या आधी मालकाला आणि चालवणाऱ्याला, दोघांनाही बोलावून जोड दाखवतो. लोकांना कंटाळा येतो. मी म्हणतो, या, बघा, मग चहा घ्या.

व्हॅनची नवी लाइन मीच टाकून दिली. परसप्पा गाडी घेऊन आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि काम होईपर्यंत बाहेर उभा राहिला. बोलला नाही. त्यानंतर हॉर्न, बॅटरी, कशाकशासाठी येत राहिला, कारण अक्का दुसरीकडे पाठवत नसत. किल्ली ठेवायचा, बोटाने बिघाड दाखवायचा. सव्वा वर्ष असं चाललं. मी एकदोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, तो गाडीपाशी जाऊन टायर बघत बसला.

मग कलघटगीच्या कोर्टात माझी साक्ष लागली. परसप्पाच्या वकिलांनी विचारलं, मी जोडाचं सगळं सांगितलं. मग सरकारी वकील बाई उठल्या. तरुण होत्या, शांत. त्यांच्या हातात दोन्ही कागद होते.

"ही सही तुमची?"

"माझी."

"यात तुम्ही म्हणता, कॅमेऱ्यात दोष नाही, बंद कोणी केला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणता, दोष माझ्या जोडात. मधल्या वेळात आरोपी तुमच्या दुकानात येऊन गेला. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्याने सांगितलं तसं तुम्ही बोललात, असं का समजू नये?"

मला त्याच वेळी पुरतं कळलं की मी काय करून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी बोललो असतो तर ते निव्वळ एका मिस्त्रीचं सांगणं होतं. एक दिवस थांबलो, म्हणून तेच खरं आता शिकवल्यासारखं दिसत होतं, आणि त्याचा भार पलीकडे उभ्या असलेल्या परसप्पावर पडत होता. मागच्या बाकांवर माझी दोन जुनी गिऱ्हाइकं बसली होती. परसप्पाच्या वकिलांनी मला पढवलं होतं, की म्हणा, पहिल्या दिवशी नीट तपासायला वेळ मिळाला नाही. तोंडाशी आलं होतं ते वाक्य.

"पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, बाई," मी म्हणालो. "बटण दाबून बघितलं होतं. मग बंद करून ठेवलं आणि माहीत नाही म्हणून सांगितलं. मी भ्यालो होतो. माझं नाव जाईल म्हणून भ्यालो, आणि या माणसाचं जाऊ दिलं. तो दुकानात आला तो मला शिकवायला नाही. त्याला वाटत होतं, चूक त्याचीच आहे."

न्यायाधीशांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, हे जसंच्या तसं घ्या. मला ते परत वाचून दाखवलं, कन्नडमध्ये. स्वतःबद्दल असलं काही दुसऱ्याच्या तोंडून, सरकारी भाषेत, सगळ्यांसमोर ऐकणं सोपं नसतं. मी सही केली.

निकाल पुढे दोन महिन्यांनी लागला. कॅमेरा मुद्दाम बंद केला असं म्हणता येत नाही, असं त्यात आहे, आणि परसप्पा सुटला. पण सुटला तो पुराव्याअभावी. चूक कोणाची, त्याची की त्या गवंड्याची, हे कायमचं राहून गेलं. तो गवंडी अजून लंगडतो. तो रस्त्यात कुठे दिसला की मी स्कूटर हळू करतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या साक्षीच्या दिवसाचं. मी कोर्टाबाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. अक्कांची व्हॅन फाटकाशी उभी होती, बुधवार होता, पेशंट नव्हते. मी बसची वाट बघत उभा राहिलो. भिंतीला टेकलो. परसप्पा वकिलांशी बोलून बाहेर आला, व्हॅनपाशी गेला, दार उघडलं. मग दार तसंच ठेवून माझ्याकडे चालत आला. समोर थांबला. कुठे बघावं ते मला कळेना.

"ऊट आतेन्री, अण्णा?" त्याने विचारलं.

जेवण झालं का. आमच्याकडे रस्त्यात भेटलेला कोणीही कोणालाही दिवसातून दहा वेळा हेच विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबतही नाही. तो थांबला होता.

"नाही," मी म्हणालो.

"चला मग," तो म्हणाला, आणि व्हॅनकडे वळला.